सातबाऱ्याबाहेरची शेती

महाराष्ट्रात शेतकऱ्याची पत सातबाऱ्यावरून ठरते. नाव, गट क्रमांक, हेक्टर-आर, पिकाची नोंद, विहीर असली तर विहीर. १९७०-७१ साली राज्यात एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन येत होती; २०१५-१६च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आकडे खरे आहेत आणि वाचून पोटात खड्डा पडतो. तरी माणदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं घर त्यांवरून कळत नाही, कारण ते घर ज्या जमिनीवर जगतं तिच्यातली बरीचशी त्याच्या नावावर नसतेच. गावाचं गायरान, ओढ्याकाठची पड, वनखात्याच्या हद्दीला लागलेला माळ, रस्त्याकडेच्या बाभळी, सुगीनंतर मोकळं झालेलं शेजाऱ्याचं रान. सकाळी घरातलं जित्राब या रानात जातं आणि त्या रानाचं दूध, खत आणि पैसा करून दिवस मावळताना परत येतं. तीन एकराची शेती खरी किती एकराची आहे हे मोजायचं असेल, तर तिची शेरडं कुठवर चरतात ते पाहावं लागतं. हे पुस्तक त्या न मोजलेल्या जमिनीचं आणि तिच्यावर संसार करणाऱ्या घरांचं आहे.

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास पडला, तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. सह्याद्रीनं ढग अडवल्यावर त्याच्या पाठीमागं जो कोरडा पट्टा उरतो त्यात माणदेशाचे माण, खटाव, आटपाडी, सांगोला आणि पुढं जत, कवठेमहांकाळ हे तालुके येतात. पाऊस कमी आहे त्याहून तो कधी येईल याचा भरवसा नाही, ही मोठी अडचण. बाजरीला पेरणीच्या वेळी ओल लागते आणि दाणा भरताना पुन्हा एक पाऊस लागतो. यांतला एक चुकला तरी हाती कडबाच राहतो. माळाचं तसं नाही. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं भाद्रपदातल्या दोन सरींवरही उठतात. बाभूळ, हिवर, बोर, लिंब यांची मुळं खोल गेलेली. चैत्र-वैशाखात जमिनीवर काडी उरत नाही, तेव्हा बाभळीच्या शेंगा पिकून खाली पडतात आणि त्यांच्यावर शेरडांचा महिना निघतो. मेंढी मान खाली घालून बुडाजवळचं गवत कुरतडते, गाय उंच गवत जिभेनं ओढून तोडते, शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाला ओरबाडते. एकाच माळावर तिघींचं ताट वेगळं आहे. म्हणून माणदेशातल्या जुन्या घरांत एकाच जातीचं जित्राब सहसा दिसत नाही. दोन-तीन गावरान शेळ्या, एखादी खिलार गाय, कधी चार-पाच मेंढ्या आणि डालग्याखाली कोंबड्या, असा मेळ असतो. पीक बुडालं त्या सालीही घर अगदी उघडं पडू नये, एवढी सोय या मेळात असते.

मेंढपाळ म्हटलं की आपल्यासमोर वाडा घेऊन हिंडणारे धनगर येतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नं (१९५५) मराठी वाचकाला ते जग आधीच दाखवलं आहे. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्या मागोमाग जाऊन त्या जगाचा अभ्यास केला, आणि रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचं मूळही गवळी-धनगरांत शोधलं. या पुस्तकातली घरं मात्र एका जागी राहणारी आहेत. त्यांत धनगर आहेत, मराठे आहेत, रामोशी, मातंग, बौद्ध आहेत. त्यांच्याकडं चार शेळ्या आणि तुकडाभर जमीन आहे, काहींकडं जमीनही नाही. हिंडणारा मेंढपाळ आणि बसता कुणबी यांच्यात आपण फार जाड रेघ ओढली आहे. खंडोबाच्या कथेत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई एकाच देवाच्या संसारात आल्या. भांडल्या, तरी संसार मोडला नाही. माणदेशातल्या शेतीचीही मांडणी तीच आहे. दिवाळीनंतर वाटेवरचा धनगर मोकळ्या रानात मेंढ्या बसवतो, वाघूर लावून कळप रातभर तिथं राखतो. शेतकरी त्याला धान्य किंवा रोख पैसे देतो आणि वावराला लेंडीखत मिळतं. खत विकत आणायची ऐपत नसलेल्या घरात जमिनीचा कस टिकला तो या देवाणघेवाणीवर.

या घरांचा दिवस जनावरांनी आखलेला असतो. पहाटे शेणघाण निघते, ती कुठं उकिरड्यात जाते, कुठं गोवऱ्यांना लागते. शेळीची धार निघते, चहापुरतं दूध घरात राहतं. मग एक काम असतं ज्याकडं बाहेरच्या माणसाचं लक्ष जात नाही: वाट पाहायची. दव सुकेपर्यंत शेरडं बाहेर काढायची नाहीत. ओल्या गवताच्या टोकाशी जंतांची पिलावळ चढलेली असते, ऊन लागलं की ती खाली उतरते. हे शास्त्र पशुवैद्यकाच्या पुस्तकात आहे, आणि कधीही शाळेत न गेलेल्या म्हातारीच्या रोजच्या वेळापत्रकातही आहे. दहाच्या सुमारास कळप निघतो. लहान करडं मागं राहतात, आया दिसेनाशा होईपर्यंत ओरडतात. त्यांना शेवरीचा, हादग्याचा पाला टाकायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराचं. संध्याकाळी कळप वेशीत आला की करडं सोडली जातात आणि प्रत्येक करडू त्या गोंधळात नेमकी आपली आई गाठतं. त्या घटकेला घरातलं प्रत्येक माणूस अंगणात असतं. कुणी पाजायला धरलेलं, कुणी लंगडणारी शेळी बघणारं, कुणी काटा काढणारं. शेतावर राहणाऱ्या कुटुंबाचं एकत्र असणं म्हणतात ते मला या अर्ध्या तासात जितकं दिसलं, तितकं जेवणाच्या पंगतीतही दिसलं नाही.

राखायला कोण जातं, यावर घराची ठेवण ठरते. बहुतेक ठिकाणी ते म्हातारं माणूस असतं. नांगर धरायचं बळ गेलेले आजोबा दहा शेरडांमागं काठी घेऊन दिवसभर हिंडू शकतात. त्यांच्या त्या हिंडण्यावर घरात महिन्याकाठी काही येतं आणि घरातलं त्यांचं स्थान टिकतं. गावातल्या म्हातारपणाबद्दल आपण पेन्शन आणि औषधं यांची भाषा बोलतो, ती बोललीच पाहिजे. पण शेवटपर्यंत उपयोगाचं काम असणं हेही म्हातारपणाचं सुख आहे, आणि लहान शेतीत ते देणारी जागा जित्राबामागचीच आहे.

शेळी विशेषकरून बाईची. ती बाईच्या नावावर कुठं नोंदलेली नसते, पण गावात सगळ्यांना माहीत असतं. शेळी पाच महिन्यांत विते आणि उस्मानाबादीसारखी जात बहुधा जुळी देते, त्यामुळं दोन पाटींपासून सुरुवात केलेल्या बाईकडं दोन-तीन वर्षांत चार-सहा शेरडं होतात. ज्यांच्याकडं पहिली शेळी घ्यायलाही पैसे नसतात त्यांच्यासाठी अर्धलीची रीत आहे. मालकाची शेळी आणायची, पोसायची आणि करडं निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. कित्येक भूमिहीन बायांचा कळप असाच उभा राहिला. मुलीची फी, एसटीचा पास, अचानक आलेलं आजारपण, भावाच्या घरचं लग्न, यांतला खर्च आला की एक करडू आटपाडीच्या शनिवारच्या बाजाराला जातं. बाजारात मात्र बाईचा हात सुटतो. बहुतेकदा जनावर घेऊन जातो तो नवरा किंवा मुलगा, आणि व्यापारी वजन न करता नजरेच्या अंदाजानं बोली लावतो. वर्षभर पाला घालणारीला आपल्या बोकडाचं वजन किती हे कळायच्या आत तो टेम्पोत चढलेला असतो. पुढच्या पानांत काही बायकांनी घरीच तराजूला टांगून वजन करायला सुरुवात केल्यावर काय बदललं, ते सविस्तर आलं आहे. सबंध पुस्तकात मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच. कर्जाच्या आणि अनुदानाच्या योजनांबद्दल आपल्याकडं पुष्कळ लिहिलं जातं. एका साध्या वजनकाट्याबद्दल फार कमी.

विकायच्या दिवशी घरात काय होतं, तेही या पुस्तकानं टाळलेलं नाही, याचं मला समाधान आहे. पोरांनी नाव ठेवलेला बोकड जातो त्या संध्याकाळी पोरं जेवत नाहीत. आई त्यांना रागावत नाही, समजूतही घालत नाही. तिचंही मन जाग्यावर नसतं. तरी तो विकावाच लागतो, आणि पुढच्या वेताच्या करडाला पोरं पुन्हा नाव ठेवतात. जनावरावर माया करणं आणि त्याच्यावर पोट भरणं या दोन्ही गोष्टी इथं एकाच घरात राहतात. शहरात बसून ज्यांना यांतली एकच खरी वाटते त्यांनी ही प्रकरणं सावकाश वाचावीत.

पावसाचे पहिले पंधरा दिवस या घरांत सर्वांत धास्तीचे. उन्हाळाभर वाळक्यावर काढलेलं जनावर मृगानंतरच्या कोवळ्या गवतावर तुटून पडतं. आतड्यात एरवी निमूट असलेले जिवाणू त्या अचानक मिळालेल्या रसदीवर वाढतात, विष तयार होतं आणि संध्याकाळी ठणठणीत दिसलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. आंत्रविषार तो हा. क्रूरपणा असा की यात हट्टीकट्टी, भरपूर खाणारी पिल्लं आधी जातात. पावसाळ्याआधी लस टोचली तर हे टळतं. त्यासोबत जुन्या माणसांची एक सवय आहे: हिरव्यावर सोडण्याआधी सकाळी थोडा वाळका चारा पोटात जाऊ द्यायचा, आणि पहिले काही दिवस लवकर परत आणायचं. लस आणि सवय, दोन्ही हव्यात. लसीच्या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात माणूस नसणं ही या भागातली नित्याची तक्रार आहे. २०२२मध्ये लम्पी आला तेव्हा गाईगुरांच्या बाबतीत ती उणीव सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत ती दर पावसाळ्यात असते आणि बातमी होत नाही.

जनावरांच्या जातींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात ते भरपूर आहे. दख्खनी मेंढीच्या जाड, काळ्या लोकरीवर पूर्वी घोंगडीचा धंदा चालायचा. आता कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते आणि लोकर बांधावर पडून राहते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. काम मोठं आहे आणि इथल्याच मातीत झालेलं आहे. फक्त जुळी कोकरं जगवायला आईला दूध लागतं, दुधाला चारा लागतो आणि चाऱ्यामागं माणूस लागतं. ज्या घरात हे तिन्ही आहे तिथं सुवर्णानं संसार सावरले.

खिलार गाईची कथा दुखरी आहे. ती दूध फार देत नाही. ती राखली जायची ती खोंडासाठी. खरसुंडीच्या, म्हसवडच्या जत्रेत माणदेशी खोंडाला लांबून गिऱ्हाईक यायचं. ट्रॅक्टर आला आणि बैलाचं काम गेलं. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या, २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि २०२३च्या निकालानं ती कायम झाली. त्यामुळं देखण्या, पळणाऱ्या खोंडाला पुन्हा भाव आला. तो भाव मोजक्या बैलांना आहे. थकलेल्या बैलाचं काय, हा प्रश्न २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर लहान शेतकऱ्याच्या दावणीला बांधून ठेवला गेला आहे. गाईबैलावर श्रद्धा असणारं, बेंदराला त्याच्या पायावर पाणी घालणारं हे घर आहे, हे मला ठाऊक आहे. पण तीन एकर कोरडवाहू जमिनीवर काम न करणारं मोठं जनावर उन्हाळाभर पोसण्याचा भार त्या घरानं एकट्यानं उचलावा ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि जे कायदा करतात त्यांनी वैरणीचीही जबाबदारी घ्यायला हवी.

वैरणीचा प्रश्न दुष्काळात नागडा होतो. १९७२ अजून लोकांच्या बोलण्यात आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांत माणदेशात छावण्या उघडल्या आणि घरं दुभंगली: आई किंवा बाप जनावरांसोबत छावणीत, पोरं आजीजवळ गावात. छावणीत उसाचं वाढं, पेंड आणि पाणी मिळत होतं. पण छावण्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी होत्या. शेरडंमेंढरं ज्यांची होती ते, म्हणजे बहुधा सर्वांत गरीब, आपल्या जित्राबासह माळावरच राहिले. महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाखांच्या आसपास मेंढ्या मोजल्या गेल्या. इतक्या जिवांचा चारा कुठून येतो याचं उत्तर एकच आहे: चराईची जमीन. आणि तीच हातची जाते आहे.

हे आजचं नाही. १८७८च्या कायद्यानं सरकारी जंगलांभोवती कुंपण घातलं आणि पाचच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना डोंगर आणि गायरानं जंगलखात्यात गेल्यामुळं शेतकऱ्याची जनावरं कशी उपाशी पडली हे स्पष्ट मांडलं. शेतीच्या दुरवस्थेचं हे कारण इतक्या थेट सांगणारं त्या काळात दुसरं कोणी मला आढळलेलं नाही. पुढं पाणलोटाच्या चळवळीनं चराईबंदी आणली. हिवरे बाजारसारख्या गावात तिनं डोंगर हिरवा केला, कापून न्यायला गवत वाढलं, हे निर्विवाद. पण कापून आणायला वेळ, दावणीला गाय आणि दूध घालायला डेअरी लागते; चार शेळ्यांच्या बाईला बंदीच्या पहिल्याच वर्षी शेळ्या विकाव्या लागतात. ज्या गावांनी डोंगराचे भाग पाडून आळीपाळीनं चराई चालू ठेवली, त्यांची नोंद या पुस्तकात आहे, आणि माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. माळाला विश्रांती लागते, कायमची ताटातूट लागत नाही.

गायरानावर दावे अनेकांचे आहेत हेही विसरून चालणार नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पड जमीन कसणाऱ्या दलित कुटुंबांचा हक्क हा दयेचा विषय नाही. त्या हक्काला आणि शेरडांच्या चराईला एकमेकांसमोर उभं करून भलताच कोणी जमीन नेतो, असं मी पाहत आलो आहे. आता सौरप्रकल्पांसाठी गायरानं मागितली जात आहेत. वीज शेतकऱ्यालाच मिळणार असेल तर चांगलंच. पण ठराव करणाऱ्या ग्रामसभेत त्या माळावर रोज कोण जातं हे कुणी विचारतं का? २००६च्या वनहक्क कायद्यानं चराईचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क कागदावर आणायला अर्ज, नकाशा, पुरावे लागतात आणि राखणाऱ्या माणसाकडं नेमका त्यासाठीच वेळ नसतो.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडं आलं याचा आनंद मोठा आहे. पिढ्यांनी त्यासाठी लढा दिला. डाळिंब, द्राक्ष, ऊस दिसू लागला, घरं पक्की झाली. त्याबरोबर बांधावर तारा आल्या आणि सुगीनंतर रान मोकळं सोडायची रीत संपली, कारण बागेला सुगी नसते. पाणी आलेल्या घराच्या गोठ्यात संकरित गाय आली. पाणी न पोचलेल्या घराची शेरडं आता त्याच तारांच्या कडेकडेनं, डांबरी रस्त्याच्या पट्टीवर चरतात. विकासानं कुणाला काय दिलं याचा हिशेब करताना ही रस्त्याकडेची पट्टी मोजली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं बरंच बोललं जाईल. माझी विनंती आहे की त्या बोलण्यात राखणाऱ्याच्या वयाचा विषय यावा. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की काठी कुणाच्या हातात जाते? फार घरांत ती मुलीच्या हातात गेली आणि तिची शाळा सुटली. या पुस्तकातल्या दोन बायकांनी हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे. पन्नाशीतही त्यांचा आवाज त्या जागी अडतो. जित्राबावर घर चालतं याचं कौतुक करताना ते कुणाच्या शिक्षणावर चाललं हे झाकणं मला मान्य नाही.

यावर गावांनीच एक वाट काढली आहे. आठ-दहा घरांनी शेरडं एकत्र करायची. ज्याच्याकडं माणूस आहे त्यानं पाळीप्रमाणं राखायचं, ज्याच्याकडं नाही त्यानं दर शेरडामागं महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे. गुरं राखणारा गावगुराखी पूर्वी असायचाच, त्याला बेंदराला धान्य आणि पोळी जायची. ही त्याच रीतीची नवी घडी. भांडणं होतात. कुणाचा बोकड माजलेला, कुणाच्या शेळीला खरूज, कुणी पाळीच्या दिवशी लग्नाला गेलेला. वितीला आलेली शेळी राखणाऱ्याच्या हाती विली तर करडू घरापर्यंत कुणी उचलून आणायचं, लांडग्यानं नेलेल्या मेंढीची भरपाई कुणी द्यायची, यावर एका वाडीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बैठका झाल्या. त्या बैठकांत ठरलेले नियम, नंतर बदललेले नियम आणि त्यांमुळं पुन्हा शाळेत जाऊ लागलेल्या मुलींच्या हकिकती शेवटच्या प्रकरणात आहेत. ज्यांना आपल्या गावात हे करून बघायचं असेल त्यांनी पुस्तक तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.